बारा टन हवेखालचे थीब्ज

हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकतो, पण मनाला ते कधी पटत नाही. दहा हजार घनमीटर हवा घ्या. हिवाळ्यातल्या थंड पहाटे तिचे वजन बारा टनांच्या वर भरते. इजिप्तमध्ये लक्सर शहरासमोर, नाइलच्या पश्चिम काठावरून पहाटे जी मोठी बलून उडतात, वीसेक माणसांची टोपली उचलणारी, त्यांच्या पोटात साधारण इतकी हवा मावते. ती शंभर अंशांपर्यंत तापवली की फुगते आणि फुग्यात न मावलेली पावणेतीन टन हवा खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडते. आत राहते साडेनऊ टन. भोवतीची थंड, जड हवा या हलक्या गोळ्याखाली शिरू पाहते आणि त्याला वर लोटते. कापड, टोपली, बर्नर, गॅसच्या टाक्या आणि माणसे यांचे मिळून वजन त्या पावणेतीन टनांपेक्षा कमी असले की सगळा डोलारा जमिनीपासून सुटतो. पंख नाहीत, इंजिन नाही. उचलते ती बाहेरची थंड हवा. आतल्या ज्योतीचे काम फक्त फुग्यातली हवा हलकी ठेवायचे.

हेच बलून उन्हाळ्याच्या दुपारी चाळीस अंशांत उडवायचे म्हटले, तर उचल जवळजवळ एक टनाने घटते, कारण बाहेरची हवाच तापून विरळ झालेली असते. पण पहाट निवडण्याचे मोठे कारण वेगळे आहे. वाळवंट रात्री उघड्या आकाशाखाली भराभर निवते. जमिनीला टेकलेली हवा गार होऊन तळाशी बसते आणि तिच्यावर थोडा उबदार थर पसरतो. जड खाली, हलके वर. अशी हवा स्वतःहून ढवळली जात नाही. सूर्य वर आला, खडक तापू लागले, की जागोजागी गरम हवेचे स्तंभ उठतात आणि त्यांच्या शेजारी थंड हवा खाली कोसळते. त्या उलथापालथीत बलूनला ना स्थिर उंची मिळते, ना भरवशाची दिशा, ना जपून टेकायची संधी. म्हणून उजाडता उजाडता उडायचे आणि ऊन तापायच्या आत उतरायचे.

पायलटच्या हाती असतात त्या मुख्यतः दोन गोष्टी, ज्योत आणि माथ्यावरची झडप. ज्योत वाढवली की वर, झडप उघडली की खाली. डावीकडे-उजवीकडे वळवायला काहीच नाही. दिशा हवी तर ती शोधावी लागते, कारण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळीकडे वाहत असतो. डोंगराच्या पायथ्याशी पहाटे थंड हवा उतारावरून दरीकडे ओघळते, तर वर दुसराच प्रवाह असतो. कुठल्या उंचीवर कुठला प्रवाह आहे हे जाणून, पन्नास मीटर चढून किंवा वीस मीटर उतरून, पायलट तो पकडतो. त्यातही ज्योतीचा परिणाम लगेच दिसत नाही. एवढी हवा तापायला काही सेकंद जातात, म्हणून त्याला पुढच्या क्षणाचा हिशेब आत्ताच करावा लागतो. टोपलीत बसलेल्याला यातले काही जाणवत नाही. वारा अंगाला लागतच नाही, कारण बलून वाऱ्याबरोबरच चाललेले असते. बर्नर बंद असला की खालची कुत्री, कोंबडे, शेतात कुणी कुणाला मारलेली हाक, सगळे स्वच्छ ऐकू येते.

माणूस अशा फुग्यातून पहिल्यांदा मोकळा उडाला तो २१ नोव्हेंबर १७८३ रोजी, पॅरिसमध्ये, माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून. त्याआधी दोन महिने व्हर्सायला एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर पाठवून जीव तगतो का हे पाहून घेतले होते. त्यानंतर पंधराच वर्षांनी बलून इजिप्तमध्ये पोचले. १७९८मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा त्याच्याबरोबर बलूनचे पथक होते आणि त्याचा प्रमुख होता निकोला-जाक काँते, ग्राफाइट आणि माती भाजून आजची शिसपेन्सिल बनवणारा तोच काँते. त्याच्या पथकाचे बरेचसे सामान इंग्रजांबरोबरच्या आरमारी लढाईत बुडाले. तरी त्याने कैरोच्या अझबकिया चौकात कागदी बलून उडवून दाखवले. ते पेटले आणि पडले. कैरोचा बखरकार अल-जबर्ती तो प्रसंग नोंदवताना मुळीच भारावलेला नाही. माणसे हवेतून प्रवास करतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात निघाले ते सणासमारंभात नोकरचाकर उडवतात तसल्या पतंगाच्या तोडीचे, असा त्याचा एकूण सूर आहे.

त्याच स्वारीतली एक फौज जानेवारी १७९९मध्ये नाइलच्या काठाने दक्षिणेकडे सरकत होती. नदीने वळण घेतले आणि समोर थीब्जचे, म्हणजे आजच्या लक्सरच्या जागी असलेल्या प्राचीन नगराचे, अवशेष उघडले. बरोबर असलेला चित्रकार व्हिव्हाँ दनाँ लिहून ठेवतो की सगळे सैन्य आपणहून थबकले आणि सैनिकांनी टाळ्या वाजवल्या. त्या स्वारीतल्या तरुण अभियंत्यांनी पुढे या देवळांचे नकाशे काढले, पावलांनी आणि साखळ्यांनी जमीन मोजून. बलून कैरोत जळून गेले होते आणि थीब्ज वरून पाहायला कुणी नव्हते. हे मला नेहमी चुटपुट लावते. एकाच स्वारीच्या वाट्याला बलूनही आले होते आणि थीब्जही, पण दोन्ही एकत्र आले नाहीत. १९०४मध्ये स्विस बलूनपटू एदुआर्द स्पेल्टेरिनीने गिझाच्या पिरॅमिडांचे बलूनमधून छायाचित्र घेतले, ते वायू भरलेल्या बलूनमधून. प्रोपेनच्या बर्नरवर चालणारे आजच्या पद्धतीचे बलून अमेरिकेत एड योस्टने उडवले ते थेट १९६०मध्ये. लक्सरच्या आकाशात आज दिसतात ती त्याचीच वंशज.

आता खाली पाहू.

सगळ्यात आधी दिसते ती एक रेघ. पूर्वेला नदी, नदीपासून पश्चिमेकडे ऊस, गहू, बरसीम यांची गच्च हिरवी शेते, आणि मग हिरवे एका पावलात संपते. त्यापुढे गवताचे पातेही नाही, थेट वाळवंट आणि तांबूस चुनखडीचे कडे. नाइलचा पूर दरवर्षी जिथवर गाळ आणत असे, तिथवर शेत. एक पाय उसात आणि एक पाय वाळूत ठेवून उभे राहता येईल इतकी ती सीमा नेमकी आहे. आणि देवळे नेमकी त्या सीमेवर, एकापाठोपाठ एक उभी आहेत. उत्तरेला पहिल्या सेतीचे, मध्ये दुसऱ्या रामसेसचे रामेसियम, दक्षिणेला तिसऱ्या रामसेसचे मदिनत हाबू. राजांच्या मृत्यूनंतरही त्यांची पूजा चालू राहावी म्हणून बांधलेली ही देवळे.

जमिनीवरून बसने फिरताना ही एकेक वेगळी स्थळे वाटतात. एकाचे तिकीट काढा, दुसऱ्याचे काढा. वरून कळते की ही एकच ओळ आहे आणि तिच्यामागे स्वच्छ विचार आहे. पिकाची जमीन देवळाखाली घालवायची नाही. देऊळ पुरात बुडवायचे नाही. पण कालव्यातून नाव देवळाच्या दारापर्यंत आली पाहिजे, म्हणजे दगड येतील, धान्य येईल आणि सणाला देवही येईल. हे सगळे साधणारी जागा एकच, हिरव्याची कड.

देव येई तो समोरून. पूर्व काठावर, नदीपलीकडे, कर्नाकचे प्रचंड देऊळ आहे, आमून देवाचे. त्याचा मुख्य अक्ष हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे रोखलेला आहे. त्याच्या समोर, पश्चिम काठावरच्या कड्याला पाठ लावून राणी हात्शेपसुतचे तीन टप्प्यांचे देऊळ आहे, इ.स.पू. पंधराव्या शतकातले. मधे नदी, शेते, सगळे मिळून चार-पाच किलोमीटर अंतर. तरी दोन्ही देवळे एकमेकांकडे तोंड करून आहेत. हवा स्वच्छ असेल तर तीन-चारशे मीटरवरून ती रेघ नजरेने ओढता येते. दरवर्षी खोऱ्याच्या उत्सवात आमूनची मूर्ती नावेतून नदी ओलांडून या बाजूला येई, आणि शहरातली कुटुंबे आपापल्या पितरांच्या थडग्यांपाशी जमून खात-पीत रात्र काढत. आज पूर्व काठावरच्या हॉटेलांतून प्रवाशांना अंधारात मोटारबोटीने नदीपार आणतात तोही मार्ग पूर्वेकडून पश्चिमेकडचाच. मात्र त्या देवाच्या वाटेवरून आपण चाललो आहोत, हे फार थोड्यांना कुणी सांगते.

पश्चिम ही मावळतीची दिशा, म्हणून मृतांची. सूर्य रोज इथल्या कड्यांमागे मरतो, रात्रीचे बारा तास पाताळातून प्रवास करतो आणि पूर्वेला पुन्हा जन्मतो, अशी त्यांची धारणा. राजांच्या थडग्यांच्या भिंतींवर तासातासाने याच प्रवासाची चित्रे आहेत. पुरेशी उंची मिळाली तर कड्यापलीकडची, ही थडगी असलेली राजांची दरीही दिसते आणि थक्क व्हायला होते. रस्त्याने जायचे तर डोंगराला मोठा वळसा पडतो, पण प्रत्यक्षात ती हात्शेपसुतच्या देवळाच्या पाठीशीच आहे. मधे फक्त एक डोंगरधार. दरीवर अल-कुर्न नावाचे शिखर आहे, निसर्गानेच घडवलेले, पिरॅमिडच्या आकाराचे. सूर्य उगवताना पहिला उजेड त्या शिखरावर पडतो, मग कड्यांवर, मग देवळांवर आणि शेवटी शेतांवर. उजेड वरून खाली उतरतो आणि तुम्ही त्याच्या वाटेत टांगलेले असता.

त्या उजेडाचा एक हिशेब मला फार आवडतो. सूर्य क्षितिजापासून पाच अंश वर असताना कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या अकरापट पडते. जमिनीबाहेर वीतभर डोकावणारी मातीच्या विटांची भिंत अडीच मीटर सावली टाकते. तीच भिंत, सूर्य पंचेचाळीस अंशांवर आला की, वीतभरच सावली टाकते, आणि माती मातीत मिसळून जाते. लक्सरला सूर्य तासाला साधारण बारा-तेरा अंश चढतो. म्हणजे अकरापट सावलीचा काळ सूर्योदयानंतर पंचवीस मिनिटांनी, आणि पाऊण तासाने ती निम्म्यावर. बलूनचे उड्डाण साधारण तेवढेच टिकते. ज्या वेळेत हवा बलूनला साथ देते, त्याच वेळेत जमीन आपली गुपिते सावलीने लिहून दाखवते. विसाव्या शतकात हवाई पुरातत्त्व उभे राहिले ते बऱ्याच अंशी याच तिरप्या उजेडाच्या आधाराने.

लक्सरला याचे सर्वांत भव्य उदाहरण मदिनत हाबूच्या दक्षिणेला आहे. जमिनीवर उभे राहिले तर मातीच्या टेकड्या दिसतात, बस्स. वरून दिसते की त्या टेकड्या रांगेत आहेत, समान अंतराने. इ.स.पू. चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेपने इथे नदीला जोडलेले एक अवाढव्य बंदर खणले होते, सुमारे दोन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद. तळाचा खड्डा गाळाने केव्हाच भरून शेत झाला. टेकड्या म्हणजे खणून काढलेल्या मातीचे ढीग. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वी पाट्या वाहणाऱ्या मजुरांनी जिथे माती टाकली, तिथेच ती आहे. आज त्या जागेला बिरकेत हाबू म्हणतात. शेजारीच मलकाता, त्याच राजाच्या महालाच्या ठेंगण्या भिंती. आणि त्याच्याच काळातली एक वस्ती २०२१मध्ये जगापुढे आली, नागमोडी विटांच्या भिंतींसह. मदिनत हाबूच्या परिसरात एवढी वर्षे खोदकाम चालू असताना ती वाळूखाली झाकलेली होती.

याच आमेनहोतेपने एक गोष्ट सगळ्या शहाण्या राजांच्या उलट केली. आपले देऊळ त्याने हिरव्याच्या कडेवर न बांधता पूर येणाऱ्या शेतजमिनीत बांधले, थीब्जमधल्या अशा देवळांत सर्वांत मोठे. दरवर्षी पाणी आत यावे आणि ओसरताना देऊळ सृष्टीच्या पहिल्या टेकाडासारखे पाण्यातून वर यावे, असा त्यामागचा विचार असावा, असे अभ्यासक मानतात. इ.स.पू. १२००च्या सुमारास भूकंपाने ते पडले आणि पुढच्या राजांनी त्याचे दगड नेले. उरले ते दारातले दोन बसलेले पुतळे, सुमारे अठरा मीटर उंच, मेम्नॉनचे पुतळे म्हणून जगाला ठाऊक असलेले. रस्त्यावरून पाहिले तर ते शेतात उगाच बसवल्यासारखे वाटतात. वरून त्यांच्या मागची मोकळी जागा दिसते, त्यात पुन्हा उभे केलेले काही पुतळे दिसतात, आणि हे दोघे कशाच्या दाराशी बसले आहेत ते उमगते. हूरिग सुरूझियान या पुरातत्त्वज्ञ १९९८पासून तिथे काम करत आहेत. उसाला दिलेल्या पाण्यामुळे वर येणारे क्षार हा या दगडांचा मोठा शत्रू आहे.

दोघांपैकी उत्तरेकडचा पुतळा पूर्वी पहाटे आवाज करीत असे. इ.स.पू. २७च्या सुमारास भूकंपाने त्याचा वरचा भाग ढासळला, आणि त्यानंतर सूर्योदयाला त्यातून तंतुवाद्याची तार तुटावी तसा नाद येऊ लागला. रात्रीच्या दवाने ओलावलेला भेगाळ दगड उन्हाने अचानक तापल्याने ते होत असावे. ग्रीक आणि रोमन लोक तो ऐकायला मुद्दाम येत. इ.स. १३०मध्ये सम्राट हेड्रियन आला होता. ऐकून गेलेल्यांनी पुतळ्याच्या पायांवर शंभराहून जास्त लेख कोरून ठेवले आहेत. पुढे रोमन काळातच वरचा भाग पुन्हा रचला गेला आणि आवाज थांबला. थीब्जला पहाटे येण्याचा रिवाज असा दोन हजार वर्षांचा आहे. ज्या पहिल्या उबेने दगड बोलत असे, तीच ऊब आज बलूनच्या पायलटला उतरायची वेळ झाल्याचे सांगते.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते ती देर अल-मदिनाची वस्ती. कड्याच्या कुशीत एक लहान आयत. मधून एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली सत्तरएक घरे. छपरे गेली, भिंतींचा सांगाडा राहिला. त्यामुळे वरून प्रत्येक घराची ओसरी, माजघर, मागचे स्वयंपाकघर वेगळे मोजता येते. राजांची थडगी कोरणारे पाथरवट, चितारी आणि त्यांचे लेखनिक इथे राहत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, त्यांच्या वाट्याचे धान्य वेळेवर आले नाही. आम्ही भुकेले आहोत, असे सांगत त्यांनी काम टाकले आणि देवळांच्या आवारात जाऊन बसले. आपल्याला माहीत असलेला जगातला हा सर्वांत जुना संप. त्याची नोंद असलेला पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. वाचताना ही इतिहासातली एक ओळ असते. बलूनमधून वस्ती दिसते, जवळच रामेसियम दिसते, जिथे संपकरी जाऊन बसले होते, आणि रामेसियमच्या मागे विटांच्या कमानींची लांबच लांब कोठारे दिसतात. भुकेली माणसे कोठारांच्या दाराशीच गेली होती. हे अंतर नजरेने मोजले की तो संप समजतो.

धोक्याबद्दल बोलल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी इथे एक बलून उतरत असताना गॅसच्या नळीतून गळती होऊन आग लागली, आगीच्या उष्णतेने ते पुन्हा वर गेले आणि मग कोसळले. एकवीस जणांपैकी एकोणीस जण गेले. बलूनच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण अपघातांपैकी तो एक. त्यानंतर उड्डाणे काही काळ थांबवली गेली. धोका शून्य कधीच नसतो, आणि तो सर्वांत जास्त असतो उतरताना. टोपली वेताची असते ती याचसाठी. वेत वाकतो, कुरकुरतो आणि आदळण्याचा जोर स्वतःत जिरवतो. गुडघे किंचित वाकवून आतली दोरी घट्ट धरायला सांगतात, ते मनापासून ऐकावे. वारा नीट नाही म्हणून पायलटने उड्डाण रद्द केले तर वाद घालू नये, उलट त्याचे आभार मानावेत. म्हणूनच लक्सरच्या मुक्कामात पहिलीच सकाळ बलूनसाठी ठेवावी, म्हणजे ती हुकली तरी दुसरी हाताशी राहते.

आपल्याकडचे बरेच जण नाइलच्या बोटीवरून लक्सरला जातात, आणि बलूनची सफर अनेकदा शेवटच्या दिवसाची हौस म्हणून ठेवलेली असते. माझे सांगणे उलट आहे. देवळे आधी पाहून मग वर गेलात तर ओळखीच्या गोष्टी लहान झालेल्या दिसतील. आधी वर जा. हिरव्याची कड पाहा, कर्नाककडची रेघ पाहा, बिरकेत हाबूच्या टेकड्या कुठे आहेत ते पायलटला विचारून घ्या. छायाचित्रे दोन-चार पुरेत, बाकी वेळ डोळ्यांना द्या. आणि उतरल्यावर हॉटेलकडे न परतता, सावल्या लांब आहेत तोवर, देर अल-मदिनाच्या त्या गल्लीतून एकदा पायी चालून या.